पुण्याची हाय-फाय न्यू जर्सीच्या अपार्टमेंटमध्ये: काय न्यायचं, काय विकायचं आणि तिथे गेल्यावर काय बिघडतं

भारतातून अमेरिकेत बिऱ्हाड हलवताना म्युझिक सिस्टम लहान करायची म्हटलं की बहुतेक जण वजनकाटा काढतात. टॉवर स्पीकर विकले, सबवूफर भाच्याला दिला, अ‍ॅम्प आणि टर्नटेबल तेवढं बांधून नेलं. तिथे जोडणी झाल्यावर मात्र त्याच त्या तक्रारी सुरू होतात. अ‍ॅम्पचा दिवा लागतो पण आवाज नाही. रेकॉर्ड पळते. स्पीकरमधून सतत घूंऽऽ येतं. आणि लवकरच खालच्या मजल्यावरचे दार वाजवतात. पहिल्या तीन तक्रारींचं मूळ विजेत आहे, चौथीचं घराच्या बांधणीत. वजनाचा प्रश्न त्यानंतरचा. म्हणून छाटणीची सुरुवात प्रत्येक डब्याच्या मागच्या बाजूपासून करा.

मागची पाटी वाचा

भारतात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. पाटीवर १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं छापलं असेल तर त्या यंत्राला फक्त तिथली वायर लागेल. डॅक (डिजिटल संगीताचा अ‍ॅम्पला लागणारा सिग्नल करणारा डबा), स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणी वाजवणारा), बाहेर अडॅप्टर असलेले छोटे, कमी तापणारे क्लास-डी अ‍ॅम्प बहुधा या गटात येतात. हे डोळे झाकून न्या. (अडॅप्टरची पाटी वेगळी वाचा, डब्यावर काय लिहिलंय त्याचा इथे उपयोग नाही.)

मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल, म्हणजे नाण्याने फिरणारी खाच किंवा लाल सरकपट्टी, तर तेही नेण्यासारखं. जुन्या जपानी अ‍ॅम्पांच्या निर्यात मॉडेलांत तो सर्रास सापडतो. नुसतं '२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ' लिहिलेलं असेल तिथे मात्र विचार करावा लागतो. या गटातला ए/व्ही रिसीव्हर सरळ विकून टाका. जड, फॅशनमधून लवकर जाणारा, आणि त्याच्यासाठी मोठा ट्रान्सफॉर्मर घेण्याइतकी त्याची किंमत राहिलेली नसते.

जर्मनी, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर किंवा दुबईला जाणाऱ्यांना हा त्रास नाही. तिथे वीज आपल्यासारखीच, फक्त प्लग वेगळा. त्यांनी थेट खोलीच्या भागाकडे जावं. जपानला जाणाऱ्यांनी मात्र दुप्पट लक्ष द्यावं: १०० व्होल्ट, आणि पूर्वेकडे टोकियोत ५० हर्ट्झ तर पश्चिमेकडे ओसाकात ६०.

अ‍ॅम्प चालू होतो, आवाज येत नाही

२३० चा साधा ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅम्प १२० वर लावला की आतलं डीसी व्होल्टेज जवळपास निम्मं होतं. दिवा लागतो, पण स्पीकर जोडणारा रिले टक् करत नाही. काही मॉडेलांत रिले लागतो, मग आवाज पातळ आणि लगेच फाटणारा येतो, कारण व्होल्टेज निम्मं झालं की पॉवर एक चतुर्थांशावर येते. यात सहसा काही जळत नाही. लगेच बंद करा, अ‍ॅम्प शाबूत असतो.

उपाय दोन. पहिला, निघण्याआधी प्राथमिक वाइंडिंग बदलून घेणं. पुष्कळ अ‍ॅम्पांच्या ट्रान्सफॉर्मरला ११५ व्होल्टच्या दोन वाइंडिंग असतात. २३० साठी त्या सिरीजमध्ये जोडलेल्या असतात, ११५ साठी पॅरलल कराव्या लागतात. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे चित्रासह दिलेलं असतं. काम चांगल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या: फेज उलटा जोडला तर ट्रान्सफॉर्मर जातो, आणि अ‍ॅम्प बंद असतानाही आतले मोठे कपॅसिटर झटका देऊ शकतात. मुख्य फ्यूजही बदलायला हवा. त्याच पॉवरला दुप्पट करंट लागतो, म्हणजे २ अ‍ॅम्पिअर स्लो-ब्लोच्या जागी ४ अ‍ॅम्पिअर स्लो-ब्लो. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. काम झाल्यावर तंत्रज्ञाला डिमरस्टॅटवर (व्होल्टेज हाताने कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) ० पासून हळूहळू १२० व्होल्टपर्यंत चढवून तुमच्यासमोर गाणं वाजवायला सांगा. ज्याच्याकडे डिमरस्टॅट नाही त्याला हे काम देऊ नका. ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झसाठी बनलेला असेल तर ६० वर तो उलट आरामात चालतो, त्यामुळे अ‍ॅम्पच्या बाबतीत फ्रिक्वेन्सीची काळजी नको.

दुसरा उपाय, स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, म्हणजे भिंतीतल्या १२० व्होल्टचे २३० करून देणारा बाहेरचा डबा. अ‍ॅम्पच्या पाटीवर २५० वॉट लिहिलं असेल तर किमान ५०० व्हीएचा (व्होल्ट-अ‍ॅम्पिअर, ट्रान्सफॉर्मरची क्षमता) घ्या. स्वस्त मालावरचे आकडे फुगवलेले असतात, म्हणून हातात घेऊन बघा: '१००० वॉट' लिहिलेला डबा हलका लागला तर त्यात तेवढं लोखंड आणि तांबं नाही. प्रवासात इस्त्री चालवायला मिळणारे इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर अ‍ॅम्पला कधीही लावू नका. ते विजेची लाट कापून देतात. आणखी एक बारीक गोष्ट. भिंतीत १२० म्हणजे प्रत्यक्षात ११४ ते १२६ धरायचं. एकाला दोन पटीचा स्टेप-अप त्याचे २२८ ते २५२ करतो. वरचा आकडा २३० च्या अ‍ॅम्पला जरा जास्तच होतो, म्हणून आधी मल्टीमीटरने मोजा आणि सतत २४५ च्या वर मिळत असेल तर २२० ची टॅप (वेगळं जोडटोक) असलेला ट्रान्सफॉर्मर वापरा.

घरचा स्टॅबिलायझर नेऊ नका. तो २३० भोवतीचा चढउतार सावरतो. १२० चे २३० करणं त्याचं काम नव्हे.

रेकॉर्ड पळते

स्टेप-अप लावला, टर्नटेबल फिरू लागलं, आणि गाणं चढ्या पट्टीत ऐकू येतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि एसी सिंक्रोनस मोटर हर्ट्झच्या तालावर फिरते. ५० साठी बनवलेली मोटर ६० वर १.२ पट वेगाने, म्हणजे ३३⅓ ऐवजी ४० फेऱ्यांनी तबकडी फिरवते. १.२ हे गुणोत्तर म्हणजे षड्ज ते कोमल गंधार. गायकाचा सा नेमका कोमल गंधारावर जातो आणि २२ मिनिटांची बाजू १८ मिनिटं २० सेकंदांत संपते. विलंबित ख्याल ऐकताना हे लगेच कळतं. बंद कानांनी ठुमरी ऐकणाऱ्याच्या एखाद वेळी लक्षात येत नाही, फक्त 'अमेरिकेत आवाज जरा किरटा येतो' एवढंच वाटत राहतं.

डायरेक्ट ड्राइव्ह क्वार्ट्झ टर्नटेबलला (मोटर थेट तबकडीखाली, वेग क्वार्ट्झ स्फटिकाच्या ठोक्यावर) हा त्रास नाही. टेक्निक्सच्या एसएल-१२०० घराण्यातल्या एमके२ पासून पुढच्या मॉडेलांचा वेग क्वार्ट्झवर बांधलेला आहे, त्यात फक्त व्होल्टेज बघायचं. काही निर्यात मॉडेलांत सिलेक्टर तबकडी उचलल्यावर खाली दिसतो. अडॅप्टरमधून डीसी घेणारी आजची बहुतेक बेल्ट ड्राइव्ह यंत्रंही सुटतात. अडॅप्टरवर आउटपुट 'एसी' लिहिलं असेल, तर मात्र तो अमेरिकेतला घेतला तरी मोटरला ६० हर्ट्झच मिळणार.

एसी मोटरच्या अशा यंत्राला ६० हर्ट्झची पुली (मोटरच्या दांड्यावरची, बेल्ट फिरवणारी चकरी) लागते. तिचा व्यास ५० च्या पुलीच्या ५/६: समजा आत्ताच्या पुलीचा बेल्ट बसतो तो घेर १२ मिमी व्यासाचा असेल, तर नवी १० मिमीची. लेथवर करून घेण्याचा मोह टाळा. अर्ध्या दशांश मिमीची चूकही १० मिमीच्या पुलीवर अर्धा टक्का वेग बदलते, आणि पुली किंचित विकेंद्री झाली की सतारीचा लांब स्वर लाटांवर चढतो. कंपनीचा तयार भाग मागवा. गॅरार्ड, थोरेन्ससारख्या जुन्या यंत्रांच्या दोन्ही पुल्या अजून मिळतात. पुली मिळत नसेल तर बाहेरून ५० हर्ट्झची स्वच्छ साइन लाट देणारं स्पीड कंट्रोलर घ्यावं लागेल. त्याची किंमत विचारून घ्या, कारण पुष्कळदा टर्नटेबल भारतात विकून तिथे दुसरं घेणं स्वस्त पडतं.

वेग तपासायच्या स्ट्रोब चकतीतही फसगत होते. ५० हर्ट्झच्या दिव्याखाली ३३⅓ साठी १८० रेषांचं वर्तुळ स्थिर दिसतं, ६० हर्ट्झखाली २१६ रेषांचं. भारतातून नेलेल्या चकतीवर फक्त १८० चं वर्तुळ असेल तर अमेरिकेतल्या दिव्याखाली ते ४० फेऱ्यांना स्थिर दिसेल, म्हणजे चुकीचा वेग बरोबर ठरेल. शिवाय चांगला एलईडी दिवा लुकलुकतच नाही, त्याखाली कुठलंच वर्तुळ थांबणार नाही. मोबाइलचं वेग मोजणारं अ‍ॅप यापेक्षा बरं.

सतत घूं येतं

आधी व्हॉल्यूम शून्यावर न्या. स्पीकरमधला आवाज गेला तर दोष इनपुटच्या बाजूला आहे. सगळ्या आरसीए वायरी काढून एकेक परत लावा. टर्नटेबल लावल्यावरच येत असेल तर त्याची बारीक ग्राउंड वायर अ‍ॅम्पच्या स्क्रूला घट्ट आहे का बघा. स्पीकर गप्प आणि डबाच गुणगुणतोय, तर ते ट्रान्सफॉर्मरचं यांत्रिक गुंजन आहे. स्टेप-अप अ‍ॅम्पपासून मीटरभर दूर, जाड रबरावर ठेवा, आणि कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते त्या भागाच्या) जवळ तर मुळीच नको.

अमेरिकेत वारंवार सापडणारं कारण आहे केबल टीव्हीची कोअ‍ॅक्सिअल वायर. तिचं ग्राउंड वेगळ्या जागी असतं आणि टीव्हीमधून अ‍ॅम्पकडे येताना ग्राउंड लूप, म्हणजे दोन ग्राउंडमधलं वेटोळं, तयार होतो आणि तो घूं आणतो. भिंतीतली ती वायर स्क्रू काढून सोडवा. घूं थांबलं तर त्याच वायरवर लावायचा आयसोलेटर आणा, किंवा टीव्ही ते अ‍ॅम्प ऑप्टिकल केबलने जोडा.

दुसरं कारण जास्त गंभीर. पुष्कळ स्टेप-अपना जर्मन पद्धतीचं गोल शुको सॉकेट असतं. त्यात अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांमधून मिळतं. आपल्या तीन गोल पिनांच्या प्लगला तिथवर वाट नाही, म्हणून लोक दोन पिनांचा अडॅप्टर लावतात आणि अर्थिंग तिथेच तुटतं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या, आणि वर घूं. अ‍ॅम्पच्या मागे संगणकासारखं तीन पिनांचं सॉकेट असेल तर शुको प्लग असलेली तशीच वायर घ्या; अडॅप्टरची गरजच उरत नाही. मग स्टेप-अपचा प्लग भिंतीतून काढा, त्याची अर्थ पिन आणि अ‍ॅम्पच्या कॅबिनेटचा उघडा स्क्रू यांच्यामध्ये मल्टीमीटरने रोध मोजा. एक ओहमच्या आत हवा. घूं घालवण्यासाठी अर्थ पिन तोडण्याचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळेल. तो मानू नका. मागे चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या आणि मुळातच दोन पिनांच्या यंत्रांना अर्थिंग लागत नाही, तो भाग वेगळा.

बेस घुमतो आणि शेजारी भांडतात

आपल्याकडे आरसीसीचा स्लॅब आणि विटांची भिंत. न्यू जर्सीतल्या दोन-तीन मजली अपार्टमेंट संकुलांत बहुधा लाकडी सांगाडा, त्यावर जिप्सम बोर्ड, आणि लाकडी वाशांवरची जमीन. बोलण्याचा आवाज यात बऱ्यापैकी अडतो. बेस अडत नाही, कारण तो अडवायला वजन लागतं आणि ते या भिंतीत नाही. जर्सी सिटीतल्या काँक्रीटच्या उंच इमारतीत गोष्ट वेगळी. तिथे बेस बाहेर कमी जातो आणि खोलीतच जास्त घुमतो.

खोलीचा हिशोब सोपा आहे. ३४३ ला लांबीच्या दुपटीने भागा, लांबी मीटरमध्ये. १४ बाय १२ फुटांच्या, ८ फूट उंच हॉलला ४०, ४७ आणि ७० हर्ट्झ येतात. या सुरांना खोली स्वतःच साथ देते. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ६९ हर्ट्झ, म्हणजे छताच्या ७० ला जवळपास चिकटलेला. डग्ग्याची गुंजही या परिसरातच फिरते. पुण्यात मोकळा वाटणारा टॉवर स्पीकर इथे फुगल्यासारखा वाटतो तो यामुळे. टोन कंट्रोलने बेस कमी केला तर सगळाच आवाज कोरडा होतो, कारण तो नॉब एका सुराऐवजी पूर्ण खालचा पट्टा उतरवतो.

टॉवर विकून पाच ते साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे) स्पीकर घेणं ही माझ्या मते तडजोड नाही. बीबीसीचा एलएस३/५ए हा छोटा स्पीकर मुळात बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीतल्या चिंचोळ्या जागेसाठी केला होता: सीलबंद पेटी, पाच इंची वूफर. लहान खोलीत मानवी आवाज आणि तंतुवाद्यांसाठी तो नमुना आजही जुना झालेला नाही. पॉवरचीही भीती नको. ८५ डेसिबल संवेदनशीलतेची जोडी दोन मीटरवरून ऐकताना ७५ डेसिबलच्या सरासरीला पाव वॉटही लागत नाही, आणि तबल्याच्या थापेसाठी २० डेसिबल वर जायचं तर सुमारे २० वॉट. ४०-५० वॉटचा छोटा अ‍ॅम्प भरपूर झाला.

जागेची मांडणी या क्रमाने करा. ऐकायची खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नका आणि खोलीच्या बरोबर मध्यावरही ठेवू नका. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावर मागून आणा. स्पीकर कोपऱ्यातून काढा, कोपऱ्यात बेस सगळ्यात जास्त वाढतो. पेटीमागे बेसचं भोक असेल आणि भिंत पाऊणएक फुटावर असेल तर त्यात फोमचा बोळा घाला. सोबत आलेला नसेल तर गुंडाळलेला पायमोजा चालतो. त्याने बेस थोडा लवकर उतरतो पण उतार सौम्य होतो. यानंतरही एखादा सूर घुमत असेल तरच इक्वलायझर. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, यूएसबीचा मापन मायक्रोफोन घ्या, ७० च्या आसपास उंचवटा दिसला तर तेवढाच अरुंद पट्ट्यात ५-६ डेसिबल खाली आणा. खड्डा दिसला तर भरायला जाऊ नका: तिथे लाटा एकमेकींना मारत असतात, जास्त पॉवर ओतून काही हाती लागत नाही.

शेजाऱ्यांसाठी स्पीकरच्या पेटीखालचे पायांसारखे टोकदार लोखंडी खिळे काढून खाली मऊ रबर किंवा दाट फोमचे पॅड द्या. खिळा कंप थेट लाकडी जमिनीत उतरवतो आणि ती जमीन म्हणजे खालच्यांचं छत. सबवूफर असेल तर विका. पॅडवरही त्याचा त्रास पुरता जात नाही. भिंतीला चिकटवायचे पातळ फोमचे चौकोन, आणि त्यांचे गरीब भाऊ अंड्याचे ट्रे, फक्त वरच्या सुरांचा झणका कमी करतात, बेस त्यातून तसाच जातो. लीजमध्ये शांततेच्या वेळा लिहिलेल्या असतात, त्या वाचा. त्यानंतर हेडफोन. हळू आवाजात ऐकताना बेस कानालाच कमी लागतो, जुन्या अ‍ॅम्पवरचं लाउडनेसचं बटण त्यासाठीच आहे.

चाललं की सुई उडते

हाही लाकडी जमिनीचाच प्रकार. पावलाने वाशे हलतात, स्टँड हलतो, सुई खोबणीतून सुटते. सुईचं वजन वाढवून हे थांबत नाही, रेकॉर्ड मात्र झिजते. स्प्रिंगवर तरंगणाऱ्या टर्नटेबलला त्रास अधिक, आणि खाली आणखी स्प्रिंगचे पाय लावले तर बहुधा वाढतोच, कारण पावलाचे धक्के काही हर्ट्झचेच असतात आणि स्प्रिंगही तिथेच डोलते. भिंतीवरची फळी हा खात्रीचा उपाय. तिचे स्क्रू जिप्सम बोर्डात ठोकू नका, मागच्या लाकडी खांबात जाऊ द्या. हे खांब सहसा १६ इंचांवर असतात, स्टड फाइंडरने सापडतात. सोडताना भोकं भरून द्यावी लागतील. घरमालक तयार नसेल तर जड, ठेंगणा स्टँड बाहेरच्या भिंतीलगत ठेवा, तिथे वाशांची टोकं टेकलेली असतात आणि जमीन कमी हलते.

बांधाबांध

टर्नटेबलची तबकडी, बेल्ट, काउंटरवेट आणि वरचं पारदर्शक झाकण वेगळं बांधा, सुईचा हात क्लिपमध्ये मऊ फितीने बांधा, सुईवर टोपी, प्रवासाचे स्क्रू असतील तर ते कसा. मूळ खोका सापडला तर सोनं. लाकडी क्रेट करत असाल तर त्यावर आयएसपीएम १५ ची (कीड पसरू नये म्हणूनच्या आंतरराष्ट्रीय नियमाची) उष्णता-प्रक्रिया खूण असलेलं लाकूड हवं. प्लायवुडला ती अट नाही. वर्षभर वापरलेलं घरसामान अमेरिकेत करमुक्त येतं, त्यासाठी कस्टम्सचा फॉर्म ३२९९ भरावा लागतो. अ‍ॅम्पचं जुनं बिल जवळ ठेवा.

कव्हरसकट शंभर एलपी साधारण २३-२५ किलो, म्हणजे विमानाची एक पूर्ण बॅग. ज्या परत मिळणार नाहीत त्याच न्या. उभ्या, घट्ट, मध्ये पोकळी न ठेवता भरा, आडव्या रचू नका, कंटेनरच्या उष्णतेत आडवा ढीग वाकतो. सीडी बाबतीत छाटणी सोपी: एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या फुकट सॉफ्टवेअरने फ्लॅकमध्ये (दर्जा न गमावता आकार कमी करणाऱ्या फाइलमध्ये) उतरवा. एका सीडीला ३०० ते ४०० एमबी, पाचशे सीडी २०० जीबीच्या आत. दोन डिस्कवर प्रत ठेवा, एक हातातल्या सामानात.

एफएम ट्यूनर मागे ठेवा. भारतात मध्यम लहरींची पावलं ९ किलोहर्ट्झची, अमेरिकेत १० ची, त्यामुळे डिजिटल ट्यूनर बहुतेक एएम स्टेशनांवर नेमका थांबत नाही. एफएम लागतं, पण तिथलं डी-एम्फसिस (प्रक्षेपणात वाढवलेले उंच सूर ट्यूनरने परत खाली आणणं) ७५ मायक्रोसेकंद आणि आपलं ५०, म्हणून 'स' टोचतो.

परत येणाऱ्यांना उलटा धोका, आणि तो जास्त महाग. १२० चा अ‍ॅम्प पुण्यातल्या सॉकेटमध्ये लावला तर फ्यूज लगेच उडतो, तोही नशीब चांगलं असेल तर. उडालेल्या फ्यूजच्या जागी मोठा बसवू नका, आधी सिलेक्टर किंवा वाइंडिंग बघा. स्टेप-डाउन लावणार असाल तर पाटीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो हेही धरा, आणि पहिला तासभर झाकणावर हात ठेवून बघत राहा. टर्नटेबल मात्र तेव्हा २७.८ फेऱ्यांवर येईल, षड्ज मंद्र सप्तकातल्या धैवतावर. ५० ची जुनी पुली फेकली नसेल तर ती परत चढवा.